मामांनी पाणी मारलेली इमारत

मी बांधकामाच्या मालाची चाचणी करणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नातेवाइकांत कोणी विचारलं की तू नेमकं करतेस काय, तर मी सांगायची, फोडते. त्यात खोटं काही नव्हतं. साइटवरून काँक्रीटचे ठोकळे येतात, त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. ते ठरलेले दिवस पाण्याच्या हौदात ठेवायचे, मग काढून पुसायचे, मशिनच्या दोन जाड पोलादी पाट्यांमधे बसवायचे आणि दाब वाढवत न्यायचा. काटा चढत जातो, क्यूबच्या अंगावर केसासारख्या चिरा दिसायला लागतात आणि मग फाटकन आवाज होऊन तो फुटतो. कुठल्या आकड्याला फुटला ते टिपायचं, चुरा झाडायचा, पुढचा क्यूब घ्यायचा. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून मी हेच करत आलेय. सिमेंटच्या पाण्यानं माझ्या बोटांची कातडी इतकी खरखरीत झालीय की मुलगी लहान असताना तिच्या गालावरून हात फिरवला तर ती तोंड फिरवायची.

आमचं घर पुंडलिकनगरच्या एका आतल्या गल्लीत होतं. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर दोन फ्लॅट, अशी साधी इमारत. दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहायचो. मी, नवरा, बारावीला असलेली मुलगी आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामा कालव्यावर पाटकरी होते. शेताशेताला पाळीनं पाणी सोडायचं, दारं उघडायची, बंद करायची, भांडणं मिटवायची, यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर जे हातात आलं ते त्यांनी या फ्लॅटमध्ये घातलं. तेव्हा इमारत कागदावरच होती.

ज्या वर्षी ती उभी राहिली ते वर्ष दुष्काळाचं होतं. शहरात प्यायला पाणी नव्हतं, तिथं बांधकामाला कुठून असणार? बिल्डरनं बोअरच्या खारट पाण्यात माल कालवला आणि नव्या कॉलमवर दिवसातून कसंबसं एकदा पाणी मारलं. काँक्रीट ओलं ठेवलं नाही तर ते ताकद धरत नाही, हे मामांना कोणी शिकवलं नव्हतं, पण पाण्याचं काम केलेल्या माणसाला ते समजलं. आम्ही तेव्हा जवळच भाड्यानं राहायचो. मामा रोज संध्याकाळी दोन बादल्या घेऊन साइटवर जायचे, कॉलमला गुंडाळलेली गोणपाटं भिजवायचे. बिल्डरचा वॉचमन हसायचा. मी नवी नवरी होते, मला त्या बादल्या घरातून कमी व्हायच्या म्हणून राग यायचा. पुढं पाहुणे आले की मामा सांगायचे, "ही बिल्डिंग मी पाणी मारून वाढवली." ऊस वाढवला म्हणावं तसं.

मी नोकरी करू शकले तीही त्यांच्यामुळं. नवरा वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायचा, मुलगी लहान होती, घरातल्या बायका म्हणत होत्या की पुरुषांच्या धुळीत बाईनं कशाला जायचं. मामांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, तू जा, मी हाय. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, डावी बाजू गेली. हाताला धरून चार पावलं टाकायचे, बाकी वेळ बाल्कनीतल्या खुर्चीत. मी कामावरून आले की विचारायचे, आज किती फोडले?

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पार्किंगमधल्या एका कॉलमचं प्लास्टर फुगलं आणि गळून पडलं. सोसायटीचे चेअरमन पहिल्या मजल्यावर राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी गवंडी बोलावून ते लिंपून घेतलं. महिन्याभरात ते पुन्हा पडलं, आणि या वेळी आतली सळई दिसली. गंज चढून ती पापुद्र्या-पापुद्र्यांची झाली होती. काका मला जिन्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, तुमच्या लॅबमधला तो हातोडा एकदा आणा. तुम्ही ठीक आहे म्हणालात की सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल."

मी लॅबच्या सरांना विचारून रविवारी तो घरी आणला. तो हातोडा म्हणजे खरं तर स्प्रिंग असलेली एक जाड नळी. टोक उघड्या काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा आपटतो आणि जितका उसळतो तितका आकडा दिसतो. काँक्रीट टणक तितकी उसळी जास्त. प्लास्टर काढलेली जागा दगडानं घासून मी पहिला ठोका दिला. आकडा इतका खाली होता की हातोडा बिघडला असंच वाटलं. जागा बदलून ठोके देत गेले. दुसऱ्या कॉलमवर गेले, तिसऱ्यावर गेले. बाजूला काका उभे होते. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या, दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या मॅडमही उभ्या होत्या. माझ्या मुलीला गणित त्यांनीच शिकवलं, आमच्या घरातली वाटी त्यांच्याकडं आणि त्यांची आमच्याकडं, असं चालायचं. त्यांनी विचारलं, काय म्हणतंय? मी म्हणाले, उद्या लॅबमध्ये हातोडाच आधी तपासते. वर आले तर मामा बाल्कनीतून विचारत होते, "किती आला गं?" मी त्यांनाही तेच सांगितलं.

हातोडा तपासायला लॅबमध्ये एक लोखंडी ऐरण असते. तिच्यावर ठोका दिला. हातोडा नीट होता.

मग कोर काढायचं ठरलं. कोर म्हणजे बांधलेल्या काँक्रीटमधून गोल बरम्यानं काढलेला नळकांड्यासारखा तुकडा. तो मशिनमध्ये फोडला की खरी ताकद कळते. आमच्याकडं हे काम एक चाचा करतात. शहागंजच्या मागं राहतात, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, तरी मला बाजी म्हणतात. त्यांनी बरमा कॉलमला लावला, पाण्याची नळी जोडली आणि मशिन सुरू केलं. एरवी ते मशिनवर अंगाचा भार टाकून उभे असतात. त्या दिवशी थोड्याच वेळात त्यांनी ते बंद केलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "बाजी, मशिन पे जोर देना पडता. इसमें तो खुद जा री अंदर."

पहिला तुकडा बाहेर काढतानाच दोन जागी मोडला. चाचांनी तो पोत्यात गुंडाळून बाहेर आणला. वर बाल्कनीत मामा बसले होते आणि त्यांनी चाचांना मोठ्यानं सलाम केला. चाचांनी मान वर न करताच हात कपाळाला लावला.

जे तुकडे शाबूत होते ते फोडायच्या दिवशी सर म्हणाले, हे तुमचं घरचं काम आहे, दुसरं कोणी करेल. मी मशिनला हात लावला नाही, पण शेजारी उभी राहिले. काटा थोडा चढला, थबकला आणि मागं फिरला. आवाज झालाच नाही. इतक्या वर्षांत मी असं फार कमी वेळा पाहिलं होतं. तुकडा पाट्यांमधे बसल्या जागी खचला, ओल्या गुळाच्या खड्यासारखा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मनात एकच चाललं होतं, की आत्ता या वेळी मुलगी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली असेल आणि मामा जेवत असतील.

सरांच्या ओळखीचे एक इंजिनियर येऊन इमारत बघून गेले. त्यांनी सरळ सांगितलं. आधी माणसं बाहेर काढा, मग तुळयांखाली लोखंडी टेकू लावा, मग कॉलमला बाहेरून नव्या सळ्या आणि काँक्रीटचं कवच घाला. काकांनी त्यांना विचारलं, पण पडेल कधी? ते म्हणाले, ते कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित आणखी पुष्कळ वर्षं अशीच उभी राहील.

लोकांनी तेवढंच शेवटचं वाक्य उचललं.

गच्चीवर बैठक झाली. मी सगळं समजावून सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. मग एकेकानं सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्यानं फ्लॅट नुकताच घेतला होता, बाई पोटुशी होती. ते म्हणाले, आम्ही जायचं कुठं? मॅडमना भीती होती की ही बातमी फुटली तर पालक मुलांना शिकवणीला पाठवणार नाहीत. काका म्हणाले की बोभाटा झाला तर उद्या या इमारतीला गिऱ्हाईक मिळणार नाही. शेवटी ठरलं की टेकू लावून घेऊ, बाकीचं पावसाळ्यानंतर पाहू. खाली उतरताना कोणीतरी माझ्या मागं म्हणालं, हिनं हातोडा आणला नसता तर काहीच झालं नसतं. कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही.

टेकू लागले. पार्किंगमध्ये लोखंडी खांबांची दाटी झाली, गाड्या बाहेर गेल्या. त्यानंतर मी त्या घरात कशी राहिले ते सांगणं अवघड आहे. मला प्रत्येक वस्तूचं वजन दिसायला लागलं. ज्वारीची कोठी मी बहिणीकडं पाठवून दिली. लोखंडी कपाट रिकामं केलं. नवरा आंघोळीला गेला की बादलीभर पाणी फरशीवर आपटायचं आणि मी हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. मुलगी जिन्यावरून पळत आली तर मी तिच्यावर खेकसायची. ती म्हणायची, आई, माझं वजन ते किती. लॅबमध्येही तेच. एखादा क्यूब चांगला निघाला की मला त्याचा राग यायचा. दुसऱ्यांच्या इमारती चांगल्या निघत होत्या.

आणि पाणी. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कित्येक दिवसांनी एकदा येतं, तेव्हा घरात जे भांडं आहे ते भरायचं. प्रत्येक फ्लॅटच्या मोरीत, बाल्कनीत, पलंगाखाली पिंपं. गच्चीवर मोठ्या टाक्या. एरवी पाण्याचा दिवस म्हणजे सगळ्यांची लगबग, आनंदाच्याच जवळचं काहीतरी. आता तो दिवस आला की मला वाटायचं, सगळ्या इमारतीच्या डोक्यावर कोणीतरी ट्रक चढवतंय. मी घरोघरी जाऊन विनवलं की टाक्या अर्ध्याच भरू, पिंपं कमी करू. सगळ्यांनी ऐकून घेतलं. केलं कोणी नाही. मी तरी त्यांच्या जागी असते तर केलं असतं का, ते मला सांगता येत नाही. पाण्यावाचून आठवडा काढणं म्हणजे काय ते मलाही माहीत आहे.

एका पाण्याच्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. सकाळी मोटार सुरू झाली. मी पार्किंगमध्ये टेकूंच्या मधे जाऊन त्या पहिल्या कॉलमवर तळहात ठेवून उभी राहिले. वर पाणी पडत असल्याचा आवाज पाइपातून खाली येत होता. हाताला काही कळत नव्हतं, कळणारही नव्हतं, ते मला ठाऊक होतं. तरी हात काढवत नव्हता. मग सळईजवळून थोडी वाळू सुटली आणि माझ्या मनगटावरून खाली सांडली. चिमूटभरच. मी मोटार बंद केली, वर गेले आणि टाक्यांचा कॉक फिरवून टाकला.

मॅडम गच्चीवर आल्या तेव्हा मी कॉकवर हात ठेवूनच बसले होते. त्या धापा टाकत होत्या. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"तुम्ही पाणी बंद केलंत?"

मी म्हणाले, हो.

"पाण्याच्या दिवशी?" त्यांचा आवाज चढला नाही. "मला वाटलं होतं, तुम्हाला काळजी वाटते. तुम्हाला वेड लागलंय."

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि कॉक उघडला. मी अडवलं नाही. पण तोवर नळाचं पाणी जायची वेळ झाली होती. त्या आठवड्यात इमारतीनं टँकर मागवला. त्यानंतर जिन्यात मी दिसले की दारं लागायची, आणि मॅडमकडची आमची वाटी त्यांनी आमच्या दाराबाहेर ठेवून दिली.

नवऱ्याशी मी रोज बोलायची. त्याला माझं पटत होतं, अविश्वास त्याच्या मनात नव्हता. पण मामा घर सोडायला तयार नव्हते आणि मामांना सोडून तो जाणार नव्हता. मी कामावरून येता-जाता खोल्या पाहत होते. हर्सूलला, जेलच्या पुढं, एका शेतकऱ्याच्या घराला लागून दोन खोल्या मिळाल्या. तळमजला, वर पत्रा. पत्रा पाहून मला इतकं बरं वाटलं की मी घरमालकिणीला तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. घरी येऊन मामांच्या खुर्चीशी खाली बसले.

"मामा, चला. पोरीसाठी तरी चला."

त्यांनी तोंड गल्लीकडं फिरवलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द एका बाजूनं ओघळायचे. म्हणाले, "तुम्ही जा. तिला घेऊन जा. मी हितंच बसतो. मी वाढवली ही बिल्डिंग, मला हिच्यातनं कशाला काढता?"

"ती पक्की नाही, मामा."

"तुझी मशिन म्हणती."

"मी म्हणते."

मी पदर डोळ्याला लावला तर म्हणाले, "रडू नको. मला खाली ने. दाव मला."

दोघांनी धरून त्यांना जिना उतरवला. पायरी-पायरीला थांबावं लागलं. पार्किंगमध्ये टेकूंच्या मधून त्यांना त्या कॉलमपाशी नेलं. नवऱ्यानं कमरेला धरलं होतं. मामांनी चांगला हात, उजवा, उचलून कॉलमवर ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग अंगठ्याच्या नखानं उघडी जागा खरवडली. वाळू सुटली. त्यांनी पुन्हा खरवडलं, थोडं जोर लावून. खडीचा एक तुकडा निखळून त्यांच्या पायावर पडला. नवरा म्हणाला, बाबा, बास. मामांनी हात मागं घेतला, बोटं एकमेकांवर चोळली आणि ती बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"लई मारलं व्हतं पाणी," ते म्हणाले. "रोज मारलं व्हतं."

मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही पाणी मारलंत म्हणूनच ती आजवर उभी राहिली. हे कदाचित खरंही असेल. मी सांगितलंही, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही. मग म्हणाले, "चला. कुठं न्यायचं तिथं न्या."

दोनच दिवसांत आम्ही हर्सूलला आलो. चाचांनी त्यांच्या पुतण्याचा टेम्पो आणला, सामान स्वतः चढवलं. इमारतीतून कोणी खाली आलं नाही. काका तेवढे बाल्कनीत उभे होते.

मला वाटलं होतं, तिथं मला शांत झोप लागेल. पहिले काही दिवस लागलीही. पण मामा मिटत गेले. जेवण समोर ठेवलं की जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. मालकाच्या म्हशी, विहीर, सगळं दारातून दिसत होतं; मला वाटलं, त्यांना गावासारखं वाटेल. त्यांनी खुर्ची भिंतीकडं तोंड करून मागितली. संध्याकाळी मी आले की ते काही विचारत नव्हते. एकदा मीच सांगितलं, मामा, आज इतके इतके फोडले. त्यांनी मान हलवली. नवरा त्यांच्याजवळ बसून कालव्याच्या गोष्टी काढायचा, कोणत्या चारीवर कोण भांडायचं, आणि मामा कधी एखादं नाव दुरुस्त करायचे. तेवढंच.

पावसाळा लागल्यावर त्यांना ताप भरला. घाटीला, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झालाय, वय आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांना पाणी पाजत होते, चमच्यानं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी म्हणाले, मामा, एक घोट. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, ओळखीचंच पाहिलं, आणि मान बाजूला केली. संध्याकाळी ते गेले. नवरा शिफ्टवरून पोचायच्या आत.

दहाव्याच्या दिवशी इमारतीतून फक्त काका आले. बसले, चहा घेतला. जाताना दारात म्हणाले की इमारत काही हललेली नाही, टेकू छान बसलेत. मला सांगायचं म्हणून सांगितलं नसावं, त्यांना बोलायला दुसरं काही सुचलं नसावं. पण नवऱ्यानं ते ऐकलं. रात्री जेवताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझं चुकीचं निघालं असतं तर बरं झालं असतं. बाबा निदान घरी गेले असते." मी भाकरी तशीच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी त्यानं माफी मागितली. पण ती गोष्ट मी स्वतःशी त्याच्या आधी कितीतरी वेळा बोलले होते, त्यामुळं माफ करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मॅडमचा फोन आला तो भर दुपारी. मी लॅबमध्ये होते, हात ओले होते. नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, मामांबद्दल बोलायला केला असेल. त्या म्हणाल्या, "माझं दार लागत नाहीये. सकाळी लागत होतं."

मी विचारलं, चौकटीला वरच्या कोपऱ्यात तडा आहे का? त्या बघायला गेल्या. फोनमधून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. परत आल्या आणि म्हणाल्या, हो, आणि तो तिरका खाली आलाय.

"मॅडम, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. काही घेऊ नका. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅसच्या दुकानापाशी जाऊन थांबा."

"वर ती पोरगी आहे," त्या म्हणाल्या. "बाळंतीण. नवरा कामावर गेलाय." आणि फोन बंद झाला.

मी चाचांना घेऊन स्कूटी काढली. लॅबपासून पुंडलिकनगर फार दूर नाही, पण त्या दिवशी प्रत्येक चौकात सिग्नल लाल होता असं मला आठवतं. चाचा मागं बसून काहीतरी पुटपुटत होते, दुवा असावी. गल्लीत वळले तेव्हा इमारत जागेवर होती आणि समोर रस्त्यावर माणसं उभी होती. मी तोंडं मोजत गेले. काका बनियनवर होते. तरुण बाईच्या कडेवर बाळ होतं, तिच्या पायात चपला नव्हत्या. मॅडम दिसेनात. मी गेटच्या आत निघाले तर चाचांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. तेवढ्यात मॅडम जिन्यातून खाली आल्या, भिंतीला धरून, एकेक पायरी. सगळ्या मजल्यांवरची दारं वाजवून त्या शेवटी उतरल्या होत्या. टेकूंमधला एक वाकला होता, धनुष्यासारखा. त्या त्याच्या बाजूनं अंग चोरून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांचे हात धरले. ते बर्फासारखे गार होते.

महापालिकेची माणसं आली, गल्ली बंद झाली, इमारतीला सील लागलं. ती पडली नाही. ती आजही पडलेली नाही. पाडायची की कवच घालायचं, यावर सहाही घरांचं एकमत होत नाही, आणि आता सहाही घरं सहा दिशांना भाड्यानं राहतात. मॅडमच्या शिकवणीला चार मुलं उरलीत, एका ओळखीच्यांच्या गॅरेजमध्ये घेतात. मला भेटल्या तर हसतात, थांबत नाहीत. मी जे सांगितलं होतं ते खरं निघालं, याचं मला कुठंच काही समाधान सापडत नाही. मी रोज कामावर जाते.

सील लागल्यावर काही आठवड्यांनी प्रत्येक घरातल्या एकेका माणसाला डोक्यावर हेल्मेट घालून थोडा वेळ आत सोडलं. ज्याला जे हवं ते आणायचं. आमचं बरंचसं सामान आधीच आलं होतं, तरी नवरा म्हणाला, मी जातो. मी रस्त्यावर थांबले. बाकीचे लोक टीव्ही, मिक्सर, देव, गाद्या घेऊन उतरत होते. तो सगळ्यांत शेवटी उतरला. हात मोकळे होते. मी विचारलं, काही नव्हतं का आणण्यासारखं?

तो म्हणाला, "होतं की. पण काय उचलावं तेच सुचेना. बसून आलो थोडा वेळ."